घाटातला दगड काचेवर: बेसॉल्टचा थिन सेक्शन हाताने कसा करावा

थिन सेक्शन म्हणजे काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला दगड, मायक्रोस्कोपखाली बघायचा. तो विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर गवत वाळलं की आंबेनळी घाट गाठा. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढताना रस्त्याच्या कापात लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात. दोन प्रवाहांच्या मधला लाल पट्टा, म्हणजे रेड बोल, लांबूनही ओळखू येतो. अगदी माथ्यावर जांभा. हा सगळा बेसॉल्ट, म्हणजे गोठलेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पावसाळ्यात मुलांना नेऊ नका, दरडी कोसळतात. वळणावर उभं राहून व्याख्यान झोडू नका. फोडताना डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि किल्ल्याच्या दगडाला हातोडा लावायचा नाही.

नमुना मुठीएवढा, प्रवाहाच्या मधल्या घट्ट भागातला घ्या. मुलांचे हात पोकळ्यांतल्या पांढऱ्या, चकाकत्या झिओलाइट खनिजाकडे जातात. तो शोकेसमध्ये ठेवायला छान, पण घासताना निखळतो. तपकिरी साल दिसली तर अजून आत फोडा. ताजा बेसॉल्ट काळा-करडा असतो आणि हातोड्याखाली खणखणतो. क्रमांक दगडावरच लिहा, तोच वहीत, जागेसकट. नुसता पिशवीवर लिहिलात तर बसमध्ये पिशव्यांची अदलाबदल झालीच म्हणून समजा.

प्रयोगशाळेत डायमंड ब्लेडच्या करवतीवर दोन बोटं रुंद, काही मिलिमीटर जाड चकती कापा. काचेच्या प्लेटवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि पाणी घेऊन तिची एक बाजू २२०, ६०० आणि १००० नंबरवर (आकडा मोठा तितकी पावडर बारीक) सपाट करा. धुवा, हॉटप्लेटवर वाळवा, इपॉक्सीने स्लाइडला चिकटवा. बुडबुडा राहिला असेल तर गोंद ओला आहे तोवर दाबून काढा.

इथपर्यंत कुणालाही जमतं. दुसरी बाजू घासून दगड ०.०३ मि.मी.वर आणायचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ, तिथे माणसं रडतात. मीही रडलो आहे. पहिल्या वर्षी माझ्या अकरा स्लाइड गेल्या. बहुतेक शेवटच्या पाच मिनिटांत: आत्ता दगड होता, आत्ता नुसती काच.

पहिला शत्रू पावडर. १००० च्या प्लेटवर २२० चा एक कण आला तरी पातळ झालेला दगड फाटतो. ‘नळाखाली धुवा’ हा सल्ला अर्धवट आहे. स्लाइडच्या कडा आणि स्वतःची नखं जुन्या टूथब्रशने घासा, आणि प्रत्येक नंबरची प्लेट वेगळी ठेवा. माझ्याकडे एकच प्लेट होती तेव्हा मी दोष दगडाला देत होतो. (गाळ बेसिनमध्ये ओतू नका. बादलीत बसू द्या, नाहीतर प्लंबर बोलवावा लागेल.)

दुसरा शत्रू तुमचं बोट. आपण नकळत एकाच टोकाला जोर देतो आणि दगड पाचरीसारखा उतरता होतो. दोन बोटं मध्यावर ठेवा, इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा, दर दहा-बारा फेऱ्यांनी स्लाइड उलट दिशेने धरा. टोक जाड राहिलंच तर फक्त तिथे दाबा.

आता, थांबायचं कधी? ‘अमुक मिनिटं घासा’ म्हणणाऱ्याने स्वतः कधी घासलेलं नसतं. मायक्रोमीटरही फसवतो, तो काच आणि गोंदसुद्धा मोजतो. मायक्रोस्कोपखाली खनिजाचा रंग जाडीप्रमाणे बदलतो, म्हणून पुस्तकं सांगतात, क्वार्ट्झचा रंग बघा. अहो, आपल्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ आणायचा कुठून? बघायचं ते प्लॅजिओक्लेज, बेसॉल्टमधलं फेल्डस्पार जातीचं खनिज. स्लाइडखालची छापील अक्षरं दिसू लागली की २२० सोडा आणि ६०० वर या. तिथून पुढे दर काही फेऱ्यांनी धुऊन, वर थेंबभर पाणी ठेवून, पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली दोन्ही पोलरॉइड आडवे-उभे लावून बघा. प्लॅजिओक्लेजच्या लांबट काड्या पिवळ्या-नारिंगी दिसल्या तर दगड अजून जाड आहे. फिकट पिवळ्या झाल्या की १००० वर जा आणि हात हलका ठेवा. करड्या-पांढऱ्या झाल्या, त्यांच्यातले काळे-पांढरे पट्टे स्वच्छ उमटले, की थांबा. ‘अजून दोन फेऱ्या’ हा मोह आवरा. माझ्या अकरांपैकी निम्म्या तरी त्यातच गेल्या. एक टोक करडं आणि दुसरं पिवळं दिसलं तर पाचर झाली आहे.

एक फसगत हमखास होते. मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे ठिपके कितीही घासले तरी काळेच राहतात, त्यांतून प्रकाश जातच नाही. मुलं म्हणतात, “सर, अजून काळं आहे,” आणि घासत सुटतात. प्लॅजिओक्लेज करडं झालं असेल तर हात धरा त्यांचा. पण एवढंच. स्लाइड हातात घेऊन तुम्ही पूर्ण करून देऊ नका. पहिली फुकट जाऊ द्या, म्हणून प्रत्येकाला दोन चकत्या कापून द्या. तयार स्लाइडच्या पेटीतून दाखवलेला ऑजाइटचा (बेसॉल्टमधलं आणखी एक खनिज) निळा-जांभळा रंग मुलं परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. स्वतः घासलेल्या स्लाइडवर तो उमटला की शेजारच्याला ओढून आणतात.

वर कव्हर स्लिप चिकटवा. घाटातला क्रमांक काचेच्या कोपऱ्यावर डायमंड स्क्राइबरने कोरा, स्टिकर लावू नका. माझ्या कपाटात अशा सात सुंदर स्लाइड पडल्या आहेत, स्टिकर गळालेल्या. कुठल्या वळणावरच्या, देव जाणे.