वास येत नाही म्हणून नाकात स्टिरॉइड स्प्रे मारताय? या चुका टाळा

फोडणी करपली तरी कळत नाही, गॅस लीक झाला तरी पत्ता लागणार नाही, अशा अवस्थेत डॉक्टर स्प्रे लिहून देतात आणि बरेच जण चार दिवस मारून बाटली कपाटात टाकतात, म्हणे काही फरक नाही. अहो, फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्प्रे सूज हळूहळू उतरवतात, रोज न चुकता मारले तरी नीट फरक कळायला काही आठवडे जातात. लगेच नाक मोकळं करणारे ड्रॉप्स वेगळे, त्यात झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिन असतं आणि ते आठवड्याच्या वर चालू ठेवले तर नाक उलट जास्त चोंदतं. बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा प्लीज.

आता मुख्य गडबड. वास ओळखणारा भाग असतो पार वर, नाकाच्या छताशी, आणि साधा स्प्रे बहुतेक पुढेच अडकतो. त्यात नाक शेंबडाने भरलेलं असताना मारला तर औषध शेंबडावर बसतं आणि शिंकरलं की बाहेर. म्हणून आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट नको. थोड्या वेळाने बाटली हलवा, डोकं किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने राहतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर तो कोरडा पडून रक्त येतं. आणि जोरात ओढू नका हो, घशात कडू लागलं म्हणजे औषध पोटात गेलं, हळूच श्वास घ्या. नंतर लगेच शिंकरू पण नका.

औषध वरपर्यंत पोचवायला डॉक्टर कधी स्प्रेऐवजी स्टिरॉइडचे थेंब देतात, ते कुशीवर झोपून हनुवटी जरा वर करून टाकायचे असतात, जपानी डॉक्टरांनी दाखवलेल्या या पोझिशनला कायटेकी म्हणतात. वाचून नाही जमत, क्लिनिकमध्येच एकदा करून दाखवून घ्या.

पण स्प्रे सगळ्यांना लागू पडतो असंही नाही. ॲलर्जी, सायनस, पॉलिप (नाकातली मऊ गाठ) यात सूज असते तिथे खरा उपयोग. कोविड किंवा साध्या व्हायरल सर्दीनंतर वास गेला असेल तर नुसत्या स्प्रेवर विसंबू नका, स्मेल ट्रेनिंग करा, म्हणजे रोज ठरावीक वास मुद्दाम हुंगायचा सराव. जर्मनीच्या ड्रेस्डेनमधले थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास वापरून ते दाखवलं, सकाळ संध्याकाळ, 12 आठवडे. लवंग घरात असतेच, सुरुवात तिच्यापासून करा.

एकाच नाकपुडीचा वास गेलाय, एकाच बाजूने सारखं रक्त येतंय किंवा डोक्याला मार लागल्यावर वास गेलाय, तर घरी स्प्रे मारत बसू नका, थेट कान नाक घसा तज्ज्ञ गाठा. काचबिंदू असेल तर तेही आधी सांगा.