ताऱ्यांच्या कृत्रिम लोकसंख्येत एकटे-जोडतारे यांचं प्रमाण कसं बसवावं

कृत्रिम लोकसंख्या म्हणजे संगणकावर तयार केलेला ताऱ्यांचा समूह. त्यात आधी मोजायचं काय ते ठरवा. सोलापुरात घरं मोजणं वेगळं, माणसं मोजणं वेगळं, तसंच इथे. मल्टिप्लिसिटी फ्रॅक्शन, म्हणजे एकापेक्षा जास्त तारे असलेल्या प्रणालींचा वाटा, घरांवर, म्हणजे प्रणालींवर काढतात; तारे म्हणजे त्यातली माणसं.

सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी एकटे, जोड, तिहेरी आणि त्याहून मोठ्या प्रणालींचं प्रमाण साधारण ५६:३३:८:३ आहे. म्हणजे फ्रॅक्शन ०.४४. शेवटच्या ३ चौहेरी धरल्या, तर १००० प्रणालींत तारे १५८० आणि त्यातले १०२० साथीदार असलेले, म्हणजे जवळजवळ ६५ टक्के. ०.४४ च्या जागी ०.६५ घातलं, की सगळी गणना बिघडते.

प्रत्येक प्रकार वेगळा चालवा. मुख्य ताऱ्याच्या (प्रणालीतल्या सर्वात जड ताऱ्याच्या) प्रत्येक वस्तुमान-गटात त्या प्रकाराच्या भारांची, म्हणजे प्रत्येक नमुना-प्रणालीला दिलेल्या वाट्यांची, बेरीज १ करा, मग त्या प्रकाराच्या प्रमाणाने गुणा. प्रमाण वस्तुमानानुसार बदलतं, लाल बटूंत (लहान, थंड ताऱ्यांत) साथीदार असण्याचं प्रमाण कमी, ओ ताऱ्यांत (सर्वात जड, तप्त ताऱ्यांत) फार जास्त. म्हणून सगळीकडे एकच आकडा नको.

कोडमध्ये तिहेरी आणि त्याहून मोठ्या प्रणाली नसतील तर? त्या वगळून उरलेल्यांना ८९ ने (५६ + ३३) भागलं, की जोडतारे ३७ टक्के. त्या जोडताऱ्यांत मिसळल्या, तर ४४. आम्ही मिसळणं पसंत करतो, कारण एकट्यांचे ५६ टक्के शाबूत राहतात. निवड लिहून ठेवा.

शेवटी एखाद्या घटनेचा दर काढायला घटनांची संख्या एकूण वस्तुमानाने भागताना साथीदार विसरू नका. मुख्य तारे सगळे १ सौर वस्तुमानाचे आणि साथीदार सरासरी ०.५ चे असतील, तर ५६० एकटे व ४४० जोड मिळून १२२० सौर वस्तुमानं होतात. १००० ने भागलंत, तर दर २२ टक्के फुगतो.