कामाच्या संकरित कुत्र्यांची पैदास : नर-मादी निवडताना या चुका टाळा

मेंढ्या हाकणं, शोधकाम, स्लेज ओढणं, दृष्टिहीनांना वाट दाखवणं, या कामांना शुद्ध जातीचंच कुत्रं हवं असं काही नाही. स्लेज ओढणारे अलास्कन हस्की मिश्र वाणाचेच, केवळ कामाच्या कसोटीवर पिढ्यानपिढ्या निवडलेले. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या संकरातून उत्तम मार्गदर्शक कुत्री तयार होतात. घात होतो तो "संकरच करायचाय, मग एवढं काय बघायचं" असं म्हणून निवड सैल सोडली की. खरं तर इथे जास्त बघावं लागतं, कारण दोन वंशावळींचा हिशेब एकदम मांडायचा असतो.

संकराने दोष धुऊन निघतात असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यामागे अर्धसत्य असल्यामुळे ती टिकून आहे. एका जातीतला सुप्त दोष दुसऱ्या जातीच्या निरोगी जनुकामुळे झाकला जातो, हे बरोबर. पण तोच दोष दुसऱ्या जातीतही असेल तर झाकणार कोण? लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड, दोघांतही खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचे विकार आढळतात. त्यांचा संकर केला म्हणून पिल्लांचे खुबे सुरक्षित होत नाहीत. बॉर्डर कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये डोळ्यांचा एकच आनुवंशिक विकार, 'कॉली आय अ‍ॅनोमली', दोन्हीकडे सापडतो.

म्हणून दोन्ही जातींच्या ज्ञात आजारांच्या याद्या शेजारी शेजारी मांडा. जे नाव दोन्हीकडे आहे, त्याची चाचणी नर आणि मादी दोघांचीही झालीच पाहिजे. सुप्त दोषाचे दोन वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण दोषाचं एक जनुक बाळगणारे, एकत्र आले तर प्रत्येक पिल्लू बाधित होण्याची शक्यता 25 टक्के असते, मग आईबाप कितीही वेगळ्या जातींचे असोत. वाहक आणि पूर्ण निर्दोष अशी जोडी असेल तर एकही पिल्लू बाधित होत नाही. त्यामुळे नुसता वाहक आहे म्हणून कामाचं चांगलं कुत्रं बाद करू नका, त्याला जोडीदार निर्दोष शोधा.

खुब्यांचं तसं नाही. तिथे अनेक जनुकं गुंतलेली असतात, डीएनए चाचणीवर भागत नाही. एक्स-रे काढावाच लागतो, आणि शक्य असेल तर भावंडांचेही बघावेत.

रंगाचीही खबरदारी घ्या. मर्ल, म्हणजे ठिपक्या-डागांच्या फिकट अंगाची दोन कुत्री एकमेकांना लावली तर सरासरी 25 टक्के पिल्लांत मर्लचं जनुक दुहेरी येतं, आणि त्यांतली बरीचशी बहिरी किंवा दृष्टिदोष घेऊन जन्मतात. काही पिवळ्या-लाल अंगावर मर्ल दिसतच नाही, म्हणून शंका असेल तर चाचणी करा. जन्मतः आखूड शेपटीच्या काही वाणांतही असाच धोका आहे. ते जनुक दोन्हीकडून आलं तर गर्भ पोटातच मरतो. अशा जोडीला पिल्लं कमी झाली तर आधी हे कारण तपासा.

नराच्या पदकांवर भाळणं

स्पर्धा जिंकणाऱ्या नराच्या यशात प्रशिक्षकाचा वाटा किती, हे पदकावर लिहिलेलं नसतं. विचारायचं ते असं : वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली त्याची पिल्लं साध्या माणसाच्या हाताखाली काम करतात का? त्याची सख्खी भावंडं कशी आहेत? सामान्य भावंडांतला एक अव्वल नर आणि सगळीच भावंडं चांगली असलेला एक नर, यांत मी दुसराच निवडेन.

शिवाय लोकप्रिय नर सगळीकडे वापरला की पुढच्या पिढीत नाती गुंततात. सावत्र भावंडांच्या मेटिंगमधून होणाऱ्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई आणि बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक येण्याची शक्यता) 12.5 टक्के, सख्ख्यांचा 25 टक्के. आईबाप नात्यातलेच असतील तर संकरित या शब्दाने काही वाचत नाही.

कामाला न चाललेली मादी पिल्लांसाठी ठेवणं

"बुजरी आहे, कळपाजवळ जात नाही, पण पिल्लं तरी देईल." हे वाक्य ऐकलं की मला त्या पिल्लांची काळजी वाटते. मादी अर्धी जनुकं देते, आणि त्यावर पहिल्या आठवड्यांचं सगळं संगोपनही तिचंच. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाला घाबरायचं की सामोरं जायचं ते शिकतं, आणि यातला बराच काळ ते आईच्या सोबत असतं. प्रत्येक आवाजाला दचकणारी आई पिल्लांना तेच शिकवते. नराने तर बहुधा पिल्लं पाहिलेलीही नसतात. मादीची कसोटी नराएवढीच कडक हवी, किंबहुना थोडी जास्तच.

पिल्लं भित्री निघाली तर दोष शोधायची पद्धत आहे. त्याच नराची दुसऱ्या मादीपासूनची पिल्लं धीट असतील तर मादीकडे आणि संगोपनाकडे बघा. तिथेही भित्रीच असतील तर नर थांबवा. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. नर, मादी आणि वाढवायची जागा तिन्ही एकदम बदललीत तर काहीच कळणार नाही.

दोन टोकं जोडून मधला गुण मिळेल अशी आशा धरणं

बॉर्डर कॉली गुपचूप, नजरेच्या धाकाने मेंढ्या वळवते. न्यूझीलंडचा हंटअवे भुंकून कळप हाकतो. दोन्ही पद्धती उत्तम आहेत. पण अशा संकरातलं प्रत्येक पिल्लू दोन्हींची सरासरी घेऊन येईल असं नाही. गुण वेगवेगळे वाटले जातात. एखाद्यात जोर येतो पण आवर येत नाही. फार आक्रमक नराला फार मवाळ मादी लावण्यातही हाच धोका आहे. दोघंही मध्यम आणि स्थिर स्वभावाचे निवडणं जास्त भरवशाचं.

याच चुकीचा पुढचा भाग म्हणजे पहिल्या पिढीची संकरित पिल्लं एकसारखी छान निघाली म्हणून त्यांचीच आपापसात जोडी लावणं. दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात आणि पहिल्या संकराचा जोम साधारण अर्ध्यावर येतो. तोच साचा हवा असेल तर मूळ जातींची, मात्र नात्यात नसलेली सिद्ध कुत्री घेऊन पहिला संकर पुन्हा करा.

मेटिंगआधीच्या राहून जाणाऱ्या गोष्टी

ब्रुसेला कॅनिस या जिवाणूची तपासणी दोघांचीही करा. त्याने गर्भपात होतो आणि माणसालाही लागण होऊ शकते. मादी रिकामी राहिली तर नराला दोष देण्याआधी दिवस तपासा. बीज सुटल्यावर ते पक्व व्हायला आणखी सुमारे दोन दिवस लागतात, आणि योग्य दिवस ठरवायला रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची (हार्मोनची) तपासणी अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाची. मादीपेक्षा फार थोराड नर टाळा, विशेषतः तिचं पहिलंच बाळंतपण असेल तेव्हा.

आणि जोडी कितीही आवडली तरी पहिली पिल्लं कामाला लागून त्यांचे खुबे, डोळे, स्वभाव दिसेपर्यंत तीच मेटिंग पुन्हा करू नका. दिलेल्या प्रत्येक पिल्लाच्या मालकाला दोन वर्षं तरी विचारत राहा, आणि वाईट बातमीही त्याच वहीत लिहा.