जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकला डिफरन्शियल लॉकर बसवताना या चुका टाळा

डिफरन्शियल लॉकर म्हणजे अॅक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारा भाग. तो बसवल्यानंतर मागचा अॅक्सल गुरगुरू लागला की खापर लॉकरवर फुटते. प्रत्यक्षात दोष बहुधा मोजमाप न घेता सुटे भाग मागवण्यात किंवा जोडणीच्या घाईत असतो. जीप घराण्यातील अनेक जुन्या गाड्यांत आढळणारे डॅना ४४ हौसिंग (अॅक्सलचे कवच) बाहेरून सारखेच दिसले, तरी आतील शाफ्ट १०, १९ किंवा ३० स्प्लाइनचे (टोकावरील खाचांचे) असू शकतात, म्हणून शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन मोजल्याशिवाय मागणी नोंदवू नये. मी ती एकदा न मोजताच नोंदवली होती, आणि तो लॉकर अजून कपाटात आहे. रेशोही तपासावा: ४३ दातांचा क्राउन (मोठे दातेरी चाक) आणि ८ दातांचा पिनियन (त्याला फिरवणारे छोटे चाक), म्हणजे ५.३८ रेशो असेल, तर ३.९२ व त्यावरील रेशोंसाठीचाच कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) लागतो, ३.७३ पर्यंतच्या कॅरिअरवर क्राउन पिनियनपर्यंत पोहोचतच नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जुन्या कॅरिअरचे शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जसेच्या तसे नव्या लॉकरवर चढवणे. लॉकरची क्राउन बसण्याची कड किंचित पुढे-मागे असते, त्यामुळे दातांमधील खेळ बदलतो. तो डायल गेजवर ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर आला पाहिजे आणि दातांना मार्किंग लावून ठसा दाताच्या मध्यावर पडतो का, हेही पाहिले पाहिजे. या हौसिंगमध्ये शिम बेअरिंगखाली असल्याने प्रत्येक वेळी बेअरिंग उपसावे लागते आणि तिसऱ्या खेपेला मिस्त्री कंटाळून ‘चालतंय की’ म्हणतो. त्यावर उपाय सोपा आहे: जुन्या बेअरिंगची जोडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आतून ग्राइंड करून हाताने सरकेल इतकी सैल करून घ्यावी, तिच्यावर शिम जुळवावेत आणि नवीन बेअरिंग शेवटी एकदाच दाबावे. बेअरिंग कॅप हौसिंगसोबतच मशीन केलेल्या असल्याने, खोलण्याआधी त्यांवर पंचाने खुणा कराव्यात. डाव्या-उजव्यांची अदलाबदल चालत नाही.

ऑटोमॅटिक लॉकर वळणावर कट-कट आवाज करतो, तो बिघाड नव्हे. मात्र मागच्या दोन टायरांचा घेर असमान असेल, तर सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढते आणि पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात ते धोक्याचे ठरते. एक चाक अधांतरी असताना जवळजवळ सगळा जोर दुसऱ्या शाफ्टवर येतो, हे ध्यानात ठेवून जुने शाफ्ट पिळवटलेले नाहीत ना, तेही तपासावे.

एअर लॉकर (हवेच्या दाबावर चालणारा) चालू असताना कॉम्प्रेसर वारंवार सुरू होत असेल, तर हवा कुठेतरी गळते आहे. साबणाच्या पाण्याने बाहेरील जोड तपासून गळती सापडली नाही, तर आतील ओ-रिंगवर संशय घ्यावा. त्यात हौसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे तोंड) चिखलाने बुजलेला असेल, तर तीच हवा ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलते, म्हणून सील बदलण्यापूर्वी ब्रीदर साफ करून पाहावा.