गावच्या जिल्हा परिषद शाळेचे आकडे कसे वाचावे

"शाळा कशी चालली?" असं गावात कोणालाही विचारा, उत्तर येतं, "चांगली हाय, समदे पास." पण पहिली ते चौथीत कोणी नापास होतच नाही, त्यामुळे पास या शब्दातून काही कळत नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीत होतो तेव्हा हे उशिरा कळलं. पोरं काय शिकतायत आणि कोण शिकायचं राहून जातंय, हे बघायला एक वही, एक पेन आणि चार-पाच संध्याकाळी पुरतात.

सुरुवात शाळेच्या यू-डायस क्रमांकापासून करा, म्हणजे सरकारी नोंदीतल्या शाळेच्या ओळख क्रमांकापासून. तो अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो. मुख्याध्यापकांकडे मागा. यू-डायस प्लसच्या पोर्टलवर तो टाकला की वर्गवार पट, मुलं-मुली, शिक्षक, संडास, वीज असं सगळं फुकट दिसतं. वर कोणतं वर्ष लिहिलंय ते आधी बघा. पुष्कळदा माहिती मागच्या सालची असते.

मग पट वहीत उतरवा. यात घाई करू नका, कारण खरी गोष्ट इथेच आहे. केंद्र सरकारच्या या यू-डायस नमुन्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास असे चारच रकाने आहेत. त्यामुळे यवतमाळ किंवा वाशीमकडच्या तांड्यावरची बंजारा मुलं, जी राज्याच्या यादीत विमुक्त जातीत येतात, ती इतर मागासांत मिसळून जातात. ती वेगळी बघायची तर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरच बघावं लागतं.

त्याच्याशेजारी गावाची यादी ठेवा. अंगणवाडी ताईंकडे सहा वर्षांच्या मुलांची नावं असतात. ती पहिलीच्या पटाशी जुळवा. जी नावं जुळत नाहीत ती मुलं कुठे आहेत? काही तालुक्याच्या कॉन्व्हेंटला व्हॅननं जातात, काही मायबापासोबत वीटभट्टीवर. गावातली खाऊनपिऊन सुखी घरं कॉन्व्हेंटकडे वळली की मागे मजुरांची, कोलाम-गोंड आदिवासींची, अल्पभूधारकांची मुलं उरतात. मग त्या शाळेचा निकाल कॉन्व्हेंटच्या निकालाशेजारी ठेवून गुरुजींना बोल लावणं हा मला सरळ अन्याय वाटतो. ज्या पोराच्या घरी मराठी बोललीच जात नाही, त्याला मराठी अक्षरं ओळखायला जास्त वेळ लागणारच.

आता हजेरी. वर्षाची सरासरी मागू नका, महिन्यामहिन्याची मागा. आमच्या शाळेचं हजेरीपुस्तक मी बाईंच्या टेबलावर बसून चाळलं होतं. ऑगस्टचं पान भरलेलं. नोव्हेंबरच्या पानावर मात्र चौथीतल्या एका मुलीच्या नावापुढे ओळीनं अकरा दिवस "गै". तिच्या खालच्या दोन मुलींचंही तसंच, आणि तिघींच्या वरचा मुलगा मात्र रोज हजर. घरी गेलो तर आई म्हणाली, "कापूस घरात आला का धाडतो पोरीले." वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून घरातला प्रत्येक हात मोजला जातो, आणि धाकट्या भावाला सांभाळायलाही पोरगीच लागते. गडचिरोली-गोंदियाकडे हेच पान मार्च-एप्रिलमध्ये, मोहफुलांच्या वेळी, असंच दिसेल. कोणाचे दिवस बुडाले, कोणत्या महिन्यात, मुलगा की मुलगी, हे तीन रकाने करा. कमी गुणांचं निम्मं उत्तर तिथेच सापडतं.

गुणपत्रिकेतल्या श्रेणीवर विसंबू नका, स्वतः ऐका. खेड्यातल्या पोरांना वाचता येतं का, गणित येतं का हे बघणारं 'असर' नावाचं सर्वेक्षण आहे. त्यात पोरांना घरी बसवून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. तेच करा. ओट्यावर, शांतपणे, एकेका मुलाला. गोष्ट पाठ्यपुस्तकातली नको, ती पाठ असते. वाचून झाल्यावर "काय झालं सांग" म्हणा आणि त्याला वऱ्हाडीत, गोंडीत, बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, कसंही सांगू द्या. गणितात हातच्याची वजाबाकी द्या, 52 वजा 17 सारखी, आणि चौथी-पाचवीला तीन अंकी संख्येला एका अंकानं भाग. पोरगं अडलं तर "येत नाही का?" म्हणू नका, पुढचा सोपा कागद सरकवा. भेदरलेलं पोर येणारंही विसरतं.

शेकडेवारीपासून जपा. वर्गात पाचच मुलं असतील तर एक मूल म्हणजे 20 टक्के. एक आजारी पडलं की शाळा "घसरली" असं दिसतं. लहान शाळेत टक्के काढूच नका, किती मुलांपैकी किती, असंच लिहा. आणि शेजारच्या गावाशी तुलना करण्यापेक्षा तेच मूल सहा महिन्यांपूर्वी कुठे होतं ते बघा.

शिक्षकांचा आकडा पटाशेजारी लिहायला विसरू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलांना दोन शिक्षक असायला हवेत, 61 ते 90 ला तीन. दोनांतला एक बदलीवर गेला आणि जागा रिकामीच राहिली, तर एकटी बाई चार वर्ग कशी सांभाळते हे एकदा खिडकीतून बघाच.

हे सगळं समितीच्या बैठकीत मांडा. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे, तेव्हा वेचणीला जाणाऱ्या आयांना बोलवा आणि बैठक संध्याकाळी ठेवा, दिवसा त्या शेतात असतात. मुलांची नावं मात्र बैठकीत किंवा व्हॉट्सॲपवर वाचून दाखवू नका. ती वहीत राहू द्या, बाईंना आणि त्या घराला तेवढी सांगा. शिक्षक कमी असतील तर ठराव लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

आमच्याकडे त्या तिघींसाठी एवढंच ठरलं: वेचणीच्या दिवसांत बाई संध्याकाळी सहाला मंदिराच्या ओट्यावर तासभर बसतील आणि धाकट्यांना तोवर आजी सांभाळेल. फेब्रुवारीत त्या पोरींना पुन्हा वाचायला दिलं, या वेळी वेगळी गोष्ट.