चौथीच्या मुलांना ‘ओरेगॉन ट्रेल’ खेळायला बसवताना

‘ओरेगॉन ट्रेल’ या संगणकावरच्या खेळाची १९९० ची डॉस (जुन्या संगणकांसाठीची) आवृत्ती इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालते. १८४८ साल, मिसूरीतल्या इंडिपेंडन्सहून बैलगाडीने ओरेगॉनला जायचं.

माझ्या भाचीला मी आधी अमेरिकेचा नकाशा दाखवला, मग कागद-पेन्सिल दिली. खेळातल्या भूमिकांपैकी मुलं हमखास बँकर निवडतात, कारण त्याच्याकडे १६०० डॉलर. तुम्ही शेतकरी घ्यायला लावा: हातात फक्त ४००, पण शेवटी गुण तिप्पट. खरी मजा दुकानात. माणसं पाच, प्रत्येकी २०० पौंड अन्न, पौंडाला २० सेंट. म्हणजे निम्मे पैसे तिथेच गेले! बैलांची जोडी ४० ची, निदान तीन हव्यात. उरलेल्या ८० डॉलरमध्ये कपडे, गोळ्या, चाकं बसवा. हा हिशेब मुलांनाच करू द्या. मधे तोंड घालू नका.

निघायचा महिनाही त्यांनीच ठरवावा. मार्चमध्ये बैलांना गवत नाही, जुलैत निघालं तर डोंगरात बर्फ गाठतो.

नदी आली की आधी खोली वाचायला सांगा. अडीच फुटांच्या वर पाणी असेल तर गाडी तशीच घालू नये, तराफा मिळत असेल तर पाच डॉलर मोजून तो घ्यावा.

शिकारीत पोरं रमतात, पण एका शिकारीतून गाडीपर्यंत १०० पौंडच मांस नेता येतं. इंग्रजी मजकूर तुम्ही शेजारी बसून सांगा.