मोळी टाकण्याआधी पीएच इलेक्ट्रोडची तयारी

दसरा सरला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात साखर कारखान्यांची मोळी टाकायची, म्हणजे गाळप सुरू करायची लगबग सुरू होते. बॉयलर, मिल, टर्बाइन सगळ्यांचं ओव्हरहॉलिंग होतं. रसाच्या लाइनमधला, रसाचा पीएच (तो किती आम्लधर्मी आहे ते) मोजणारा वीतभर इलेक्ट्रोड मात्र शेवटच्या दिवशी आठवतो. पीएच ७ च्या खाली घसरला की गरम रसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, ती पोत्यात येत नाही. पीएच वर आणायला रसात घालतात तो चुना जास्त झाला की रस काळवंडतो. शेतकऱ्यानं वर्षभर राखलेला ऊस असा वाया जाऊ नये, म्हणून मोळीच्या आठ दिवस आधीच हे काम हातात घ्या.

पहिल्यांदा इलेक्ट्रोडची टोपी काढून बघा. पांढरी खडी जमली असेल तर घाबरू नका, तो आतल्या पोटॅशियम क्लोराइडचा क्षार आहे, पाण्यानं जातो. टोकाचा काचेचा फुगा कोरडा पडला असेल तर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर बुडवा. २२४ ग्रॅम क्षार डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर केलं की ते द्रावण तयार. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका. एका हंगामात आम्ही तसं ठेवलं होतं. रीडिंग थांबायला दोन-दोन मिनिटं लागायची, तोवर चुन्याचा व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडलेला असायचा.

फुग्यावर चुन्याचा थर असेल तर ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं बुडवा (हातमोजे आणि चष्मा घालूनच), धुवा, मग अर्धा तास पोटॅशियम क्लोराइडमध्ये. पुसायचं नाही, टिश्यूनं नुसतं टिपायचं. घासलं की काचेवर स्थिर विद्युत साठते आणि रीडिंग भरकटतं. आमच्या शिफ्टमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं, म्हणून डब्यावर ‘पुसू नये’च्या शेजारी ‘ओरेसबेडि’ही लिहिलंय. तेवढ्यानं खूप फरक पडला.

कॅलिब्रेशनला, म्हणजे रीडिंग जुळवून घ्यायला ताजे बफर (ठरावीक पीएचची द्रावणं) घ्या. वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नका. २५ अंशांना ७ च्या बफरमध्ये शून्याच्या आसपास, फार तर ३० मिलिव्होल्ट इकडे-तिकडे, आणि ४ च्या बफरमध्ये त्याहून साधारण १७७ मिलिव्होल्ट जास्त यायला हवेत. हा फरक १६० च्या खाली गेला आणि धुऊनही सुधारला नाही, तर नवा इलेक्ट्रोड काढा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी तीच वही कामाला येते.

तापमानाचा सेन्सर थर्मामीटरशी ताडून बघा, कारण ७० अंशांच्या रसात एका पीएचमागे २५ अंशांसारखे ५९ नव्हे, ६८ मिलिव्होल्ट मिळतात. केबलच्या टोकाला ओल नको, एक नवा इलेक्ट्रोड कपाटात हवा.

लाइनमध्ये बसवताना फुगा खाली आणि इलेक्ट्रोड आडव्यापासून किमान १५ अंश तिरपा ठेवा, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो. गाळप लांबणीवर पडलं आणि लाइन रिकामी राहणार असेल, तर इलेक्ट्रोड काढून पुन्हा पोटॅशियम क्लोराइड भरलेली टोपी लावा.